अप्रकाशित जॅक्सन : रंगमंचावरील आवाजाच्या नोंदी आणि चाहत्यांचा वाद

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा इतिहास मुख्यतः स्टुडिओत तयार झालेल्या ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिला गेला आहे, आणि त्या इतिहासात मायकेल जॅक्सन (१९५८–२००९) या अमेरिकी गायक-नर्तकाचे स्थान ‘थ्रिलर’ (१९८२), ‘बॅड’ (१९८७) आणि ‘डेंजरस’ (१९९१) या अल्बमांनी पक्के केले आहे. मात्र ज्याची कीर्ती रंगमंचावरील नृत्यगायनाने देशोदेशी पोहोचली, त्याच्या रंगमंचीय कामगिरीच्या अधिकृत नोंदी फारच तुटपुंज्या आहेत. १९८७ ते १९९७ या काळात त्याने एकट्याच्या नावावर तीन जागतिक दौरे केले. त्यांपैकी ‘बॅड’ दौऱ्यात १२३, ‘डेंजरस’ दौऱ्यात ६९ आणि ‘हिस्टरी’ दौऱ्यात ८२ असे एकूण २७४ कार्यक्रम झाले. यांतून जगभरच्या बाजारात अखंड कार्यक्रम म्हणून डीव्हीडीवर आले ते केवळ दोन : १ ऑक्टोबर १९९२ रोजीचा बुखारेस्टचा आणि १६ जुलै १९८८ रोजीचा लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा. उरलेल्यांपैकी कोणता कार्यक्रम अधिकृतपणे प्रकाशित व्हावा, यावर त्याच्या चाहत्यांमध्ये अनेक वर्षे वाद चालू आहे. वरवर पाहता हा वाद आवडीनिवडीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी कलावंताची खरी नोंद कोणती मानायची, हा इतिहासलेखनातला जुना प्रश्न आहे. दूरचित्रवाणीने आणि व्यवसायाने जे कार्यक्रम निवडले ते दृश्याच्या भव्यतेसाठी निवडले, तर जाणत्या चाहत्यांची मागणी हळूहळू गळ्यातून प्रत्यक्ष निघालेल्या आवाजाकडे वळत गेली. या दोन कसोट्यांमधील अंतर हेच या वादाचे सार आहे.

अशा वादाची परंपरा जॅक्सनच्या आधीपासूनची आहे. १९६९ मध्ये बॉब डिलनच्या अप्रकाशित मुद्रणांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाची तबकडी अमेरिकेत चोरून विकली जाऊ लागली आणि रॉक संगीतातील ‘बूटलेग’चा, म्हणजे कलावंताच्या व कंपनीच्या परवानगीवाचून काढलेल्या मुद्रिकांचा, व्यापार तिथपासून उघडपणे वाढला. कंपन्यांनी आधी या व्यापाराला केवळ चोरी मानले. पण मागणी कशाला आहे याचा अंदाज याच व्यापाराने दिला, आणि १९९१ पासून डिलनच्या कंपनीने ‘बूटलेग सीरीज’ याच नावाने अधिकृत मालिका सुरू केली. १९६६ मधल्या त्याच्या ज्या कार्यक्रमाची प्रत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून वर्षानुवर्षे हातोहात फिरत होती, तो प्रत्यक्षात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला होता, आणि १९९८ मध्ये त्याच मालिकेत तो प्रकाशित झाला. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने तर श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मोकळीक दिली होती, आणि १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखली जाऊ लागली. या श्रोत्यांच्या देवाणघेवाणीतून कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ चा कार्यक्रम सर्वोत्तम ठरत गेला, आणि २०१७ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, तो अधिकृतपणे बाहेर आला. कोणत्या रात्रीला मोल आहे हे आधी श्रोत्यांनी ठरवायचे आणि कंपनीने त्यावर मागाहून शिक्का मारायचा, ही रीत अशा रितीने रूढ झाली.

हा वाद समजून घेण्यासाठी मुद्रणाचे प्रकार वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पहिला प्रकार प्रेक्षकांत बसून केलेल्या मुद्रणाचा. त्यात टाळ्या, आरोळ्या आणि मैदानातला घुमणारा आवाज गायनावर चढतो. दुसरा ‘साउंडबोर्ड’ मुद्रणाचा. मंचावरच्या सर्व मायक्रोफोनांचा आवाज ज्या नियंत्रण-फलकावर एकत्र मिसळला जातो तिथूनच थेट फीत भरली जाते, त्यामुळे गळा स्पष्ट ऐकू येतो, परंतु हे मिश्रण मैदानासाठी केलेले असल्याने घरी ऐकताना ते बहुधा असमतोल वाटते. तिसरा प्रकार ‘मल्टिट्रॅक’ मुद्रणाचा. त्यात गायक, गिटार, ढोल आणि कीबोर्ड यांचे आवाज वेगवेगळ्या मार्गांवर साठवले जातात, म्हणून पुढे कित्येक वर्षांनीही नव्याने मिश्रण करता येते, आणि म्हणूनच अधिकृत प्रकाशनासाठी तो सर्वांत मौल्यवान ठरतो. चित्रणाचेही असेच स्तर आहेत. व्यावसायिक कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणाला चाहते ‘प्रोशॉट’ म्हणतात. पण त्यातही प्रक्षेपणासाठी केलेले चित्रण वेगळे, आणि मैदानाच्या टोकाला बसलेल्यांना दिसावे म्हणून मंचाशेजारच्या महाकाय पडद्यावर दाखवण्यासाठी केलेले चित्रण वेगळे. दुसऱ्या प्रकारात कॅमेरे थोडे असतात आणि चित्र बहुतेक वेळ गायकावरच खिळलेले असते. शिवाय व्हीएचएस फितीची प्रत, त्या प्रतीची प्रत, असे होत गेले की प्रत्येक पिढीत चित्र पुसट होते; त्यामुळे एखादा कार्यक्रम ‘उपलब्ध आहे’ एवढे म्हणून भागत नाही, तर तो कोणत्या पिढीच्या फितीवर उपलब्ध आहे हे सांगावे लागते.

जॅक्सनच्या बाबतीत अधिकृत नोंदींची सुरुवात त्याच्या बालपणापासून होते. पाच भावांच्या ‘जॅक्सन फाइव्ह’ या गटाने मोटाउन कंपनीसाठी केलेल्या कामातून १९७३ मधल्या जपान दौऱ्याचा थेट मुद्रणाचा अल्बम निघाला. पण अमेरिकेतल्या त्यांच्या भरगच्च कार्यक्रमांपैकी लॉस एंजेलिसच्या ‘फोरम’ सभागृहातील १९७० आणि १९७२ चे कार्यक्रम संपूर्ण रूपात श्रोत्यांपर्यंत यायला २०१० उजाडले. भावांसोबतच्या १९८१ च्या ‘ट्रायम्फ’ दौऱ्यातील निवडक कार्यक्रमांवरून त्याच वर्षी ‘द जॅक्सन्स लाइव्ह!’ हा दुहेरी अल्बम एपिक कंपनीने काढला, आणि तेवीस वर्षांच्या मायकेलचा आवाज त्यात आजही ताजा भासतो. मात्र या अल्बमात अनेक शहरांतल्या रात्री एकत्र जोडल्या आहेत, आणि डग हेनिंग या जादूगाराच्या साहाय्याने बसवलेले धुरात अदृश्य होण्याचे दृश्य ऐकण्याच्या माध्यमात हरवले आहे. त्यामुळे या दौऱ्याविषयी चाहत्यांची मागणी दुहेरी आहे : एकाच रात्रीचा अखंड कार्यक्रम ऐकायला मिळावा, आणि कुठे चित्रण टिकून असेल तर तेही पुढे यावे.

१९८४ च्या ‘व्हिक्टरी’ दौऱ्याची स्थिती याहून विलक्षण आहे. ६ जुलै १९८४ रोजी कॅन्सस सिटीत सुरू झालेला आणि ९ डिसेंबर रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर संपलेला हा ५५ कार्यक्रमांचा दौरा ‘थ्रिलर’च्या यशानंतरचा पहिला आणि सर्व भावांसोबतचा शेवटचा होता. सुरुवातीला तिकिटे प्रत्येकी ३० डॉलर दराने आणि चार-चारच्या गटातच घ्यावी लागतील असा नियम होता. त्यावर एवढी टीका झाली की मायकेलने आपला सर्व हिस्सा दानधर्माला देण्याची घोषणा केली. डॅलसच्या कार्यक्रमात एडी व्हॅन हेलन या गिटारवादकाने स्वतः मंचावर येऊन ‘बीट इट’मधला आपला तुकडा वाजवला, आणि अशा भेटी इतिहासाच्या दृष्टीने अनमोल असतात. तरीही या दौऱ्याचा एकही कार्यक्रम अधिकृतपणे प्रकाशित झालेला नाही. टोरोंटोच्या कार्यक्रमाचे चित्रण तेवढे चाहत्यांमध्ये फिरत राहिले. भावांमधले मतभेद, हक्कांच्या वाटण्या आणि पुढे मायकेलने एकट्याने धरलेली वाट यांमुळे या दौऱ्याला घरचा कोणी कैवारी उरला नाही, असे म्हणता येते. ज्या दौऱ्याच्या फिती अनेक मालकांमध्ये विभागलेल्या असतात तो दौरा कितीही गाजलेला असला तरी प्रकाशनाच्या रांगेत मागे पडतो, याचा हा पहिला धडा होय.

यानंतर १२ सप्टेंबर १९८७ रोजी टोकियोत सुरू झालेला आणि २७ जानेवारी १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये संपलेला ‘बॅड’ दौरा येतो, आणि चाहत्यांच्या वादाचा मोठा भाग याच दौऱ्याभोवती घुटमळतो. पंधरा देशांत सुमारे ४४ लाख लोकांनी हे कार्यक्रम पाहिले. १९८८ च्या उन्हाळ्यात वेम्बली स्टेडियमवर सात कार्यक्रमांना मिळून ५ लाख ४ हजार प्रेक्षक आले, आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. १६ जुलैच्या रात्री युवराज चार्ल्स आणि युवराज्ञी डायना उपस्थित होते. परंतु हा दौरा एकसंध नव्हता, ही गोष्ट प्रकाशनाच्या वादात निर्णायक ठरते. जपान आणि ऑस्ट्रेलियातील १९८७ चा पहिला टप्पा मुख्यतः जुन्या गाण्यांवर उभा होता, आणि त्यात भावांसोबतच्या काळातल्या आणि ‘ऑफ द वॉल’ या अल्बममधल्या गाण्यांना मोठे स्थान होते. २३ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅन्सस सिटीत दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा नृत्यरचना, वेशभूषा आणि गाण्यांचा क्रम बदलला, आणि ‘स्मूथ क्रिमिनल’ व ‘मॅन इन द मिरर’ यांसारखी गाणी कार्यक्रमात आली. म्हणजे ‘बॅड’ दौरा म्हणून एकच कार्यक्रम प्रकाशित केला तर दौऱ्याचा एक टप्पा नोंदीबाहेर राहतो.

पहिल्या टप्प्यातला २६ सप्टेंबर १९८७ चा योकोहामाचा कार्यक्रम जपानी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला होता, आणि त्या प्रक्षेपणाच्या घरगुती फितींच्या प्रती जगभर पसरल्या. त्यात गिटारवादक जेनिफर बॅटन, संगीत संचालक ग्रेग फिलिंगेन्स आणि सहगायिका शेरिल क्रो यांच्यासह जॅक्सन जवळपास सारे काही प्रत्यक्ष गाताना दिसतो. धाप लागते, स्वर क्वचित निसटतो, आणि लगेच पुढच्या ओळीत तो पुन्हा पकडला जातो. हा कार्यक्रम प्रकाशित व्हावा अशी मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा वेगळा असा हा आवाज गायकाच्या मूळ सामर्थ्याचा पुरावा आहे. २०१२ मध्ये ‘बॅड’ अल्बमला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने जॅक्सनच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी मात्र वेम्बलीची १६ जुलै १९८८ ची रात्र निवडली आणि ‘बॅड २५’ या संचात ती १८ सप्टेंबर २०१२ रोजी बाजारात आली. या चित्रणाचा स्रोत म्हणजे जॅक्सनच्या खासगी संग्रहातली व्हीएचएस फीत होती, आणि त्या फितीवर महाकाय पडद्यासाठी केलेले चित्रण होते. त्यामुळे चित्र धूसर आहे, रंग पसरलेले आहेत, आणि हे लपवण्याऐवजी प्रकाशकांनी ते उघडपणे सांगितले. चाहत्यांच्या दृष्टीने ही घटना वळणाची ठरली, कारण चित्राचा दर्जा कमी असूनही ऐतिहासिक मोलासाठी कार्यक्रम प्रकाशित होऊ शकतो, हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर ‘दर्जा पुरेसा नाही’ हे कारण इतर कार्यक्रमांच्या बाबतीत पुढे करणे कठीण झाले.

‘डेंजरस’ दौऱ्याची कथा दूरचित्रवाणीच्या पैशाची आहे. २७ जून १९९२ रोजी म्युनिकला सुरू झालेल्या या दौऱ्याचा नफा जॅक्सनच्या ‘हील द वर्ल्ड’ या धर्मादाय संस्थेला जाणार होता, आणि अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीने एका कार्यक्रमाच्या प्रक्षेपणहक्कांसाठी सुमारे २ कोटी डॉलर दिल्याचे त्या वेळी जाहीर झाले. बुखारेस्टच्या राष्ट्रीय मैदानावरील १ ऑक्टोबर १९९२ चा कार्यक्रम त्यासाठी निवडला गेला आणि १० ऑक्टोबरला तो प्रक्षेपित झाला. रोमानियातील हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळून जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतक्या मोठ्या कार्यक्रमाची सवय नसलेल्या तरुणांचे रडणारे, बेशुद्ध पडणारे चेहरे कॅमेऱ्यांनी भरभरून टिपले. मंचाच्या खालून उसळी मारून आलेला जॅक्सन दीर्घकाळ निश्चल उभा राहतो, तो प्रसंग या चित्रणामुळेच जगाच्या स्मरणात राहिला. २००४ मध्ये ‘अल्टिमेट कलेक्शन’ या संचातून आणि २००५ मध्ये स्वतंत्र डीव्हीडी म्हणून हा कार्यक्रम प्रकाशित झाला, आणि जॅक्सनच्या हयातीत अधिकृतपणे आलेला त्याच्या एकट्याचा हा एकमेव पूर्ण कार्यक्रम ठरला. चाहत्यांचा आक्षेप मात्र त्याच्या संकलनावर आहे : चित्र वारंवार प्रेक्षकांकडे वळते, त्यामुळे नृत्याची सलग ओळ तुटते; आणि अनेक गाण्यांत आधी मुद्रित केलेला आवाज वापरला असल्याने गायनाची नोंद म्हणून त्याचे मोल घटते. याउलट ऑक्टोबर १९९३ मधल्या ब्वेनोस आयरेसच्या कार्यक्रमांना इतिहासाच्या अंगाने महत्त्व आहे. कारण ऑगस्ट १९९३ मध्ये जॅक्सनवर बाललैंगिक शोषणाचा आरोप झाल्यानंतर, आणि ११ नोव्हेंबरला मेक्सिको सिटीत दौरा थांबण्याच्या अवघा महिनाभर आधी, ते झाले.

बुखारेस्टच्या त्या कराराला पुढे एक अनपेक्षित उपसंहार लाभला. २०१९ मध्ये एचबीओने जॅक्सनवरील आरोपांसंबंधी ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ हा माहितीपट दाखवला, तेव्हा मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी १९९२ च्या त्याच कार्यक्रमाच्या करारातील ‘कलावंताची बदनामी करणार नाही’ या कलमाचा आधार घेऊन वाहिनीवर दावा लावला, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हा तंटा लवादाकडे पाठवण्याचा निर्णय कायम ठेवला. सत्तावीस वर्षांपूर्वी एका रात्रीच्या चित्रणासाठी झालेला करार असा जिवंत राहतो, हे पाहिले की जुने कार्यक्रम बाहेर काढणे म्हणजे केवळ कपाटातील फीत काढून दुकानात ठेवणे नव्हे, हे लक्षात येते. गायकाचा हक्क, गीतकार-संगीतकारांचा हक्क, वादकांचे मानधन, चित्रण करणाऱ्या वाहिनीचा हक्क आणि प्रायोजकांच्या अटी अशा अनेक गाठी प्रत्येक फितीला असतात.

१९९६-९७ च्या टप्प्यात गळ्याचा आणि देखाव्याचा संघर्ष टोकाला पोहोचला. १६ जुलै १९९६ रोजी ब्रुनेईच्या जेरुडाँग पार्कमध्ये सुलतान हसनल बोल्किया यांच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त जॅक्सनने प्रेक्षकांसाठी विनामूल्य असलेला कार्यक्रम केला. गाण्यांची यादी बहुतांशी ‘डेंजरस’ दौऱ्याची असली तरी बरीच गाणी त्याने प्रत्यक्ष गायली, आणि सदतीस वर्षांच्या वयात खालच्या पट्टीत उतरलेला त्याचा आवाज त्यातून स्पष्ट कळतो. म्हणूनच चाहत्यांच्या मागणीत हा कार्यक्रम वारंवार वरच्या क्रमांकावर असतो. दोनच महिन्यांत, ७ सप्टेंबरला, प्राग येथे ‘हिस्टरी’ दौरा सुरू झाला. त्याची यंत्रसामग्री आणि रंगमंच अतिशय अवजड होते, पण गाण्यांचा फार मोठा भाग मुद्रित आवाजावर ओठ हलवून, म्हणजे ‘लिप-सिंक’ पद्धतीने, सादर झाला. जुलै १९९७ मधल्या म्युनिकच्या कार्यक्रमाचे चित्रण तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे आणि जर्मन दूरचित्रवाणीवर ते दाखवले गेले होते. तरीही जाणत्या चाहत्यांत त्याबद्दल एकमत होत नाही. नृत्य ही स्वतंत्र कला आहे आणि ती पूर्णपणे प्रत्यक्ष घडली, हा एका पक्षाचा मुद्दा. जिथे कंठ गप्प आहे तिथे कार्यक्रमाची नोंद म्हणून काय उरते, हा दुसऱ्या पक्षाचा प्रश्न.

‘हिस्टरी’ दौऱ्याचाच एक मुक्काम महाराष्ट्राच्या राजकीय-सांस्कृतिक इतिहासात जाऊन बसला आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात जॅक्सनचा भारतातला एकमेव जाहीर कार्यक्रम झाला. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते, आणि राज ठाकरे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या शिव उद्योग सेनेसाठी निधी उभा करणे हा कार्यक्रमाचा घोषित हेतू होता. विमानतळावर अभिनेत्री सोनाली बेंद्रे हिने त्याला ओवाळले, आणि ‘मातोश्री’वर त्याने बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. पाश्चात्त्य संस्कृतीच्या आक्रमणाविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाने असा कार्यक्रम भरवावा यावर वृत्तपत्रांतून बरीच टीका झाली. पण खरा दीर्घ वाद करमणूक कराचा झाला. सरकारने कार्यक्रमाला करमाफी दिली, तिला मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात आव्हान दिले, तीन कोटी रुपयांहून अधिक रक्कम अडकून पडली, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही करमाफी मान्य केली. चोवीस वर्षे चाललेल्या या प्रकरणाची सरकारी कागदपत्रे विपुल आहेत, पण त्या रात्री मंचावर काय घडले याची कोणतीही अधिकृत मुद्रिका नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क, म्हणजे आपल्या प्रत्यक्ष सादरीकरणाच्या मुद्रणावर कलावंताचा असलेला अधिकार, पहिल्यांदा मान्य झाला, आणि हा कार्यक्रम त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी झाला, हेही नोंदवण्याजोगे आहे.

जॅक्सनचा त्यानंतरचा एक मोठा रंगमंचीय प्रसंग न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला होता. ७ आणि १० सप्टेंबर २००१ रोजी त्याच्या एकल कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षानिमित्त झालेल्या दोन कार्यक्रमांत तो सतरा वर्षांनी भावांसोबत मंचावर आला. दुसऱ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच सकाळी त्या शहरावर दहशतवादी हल्ला झाला, आणि नोव्हेंबरात सीबीएस वाहिनीवर संकलित रूपात दाखवला गेलेला हा सोहळाही पुढे अधिकृत डीव्हीडीविनाच राहिला. २५ जून २००९ रोजी जॅक्सनचा मृत्यू झाला तेव्हा तो लंडनच्या ‘ओ-टू’ सभागृहातल्या पन्नास कार्यक्रमांची तालीम करत होता. तालमीच्या चित्रणावरून बनलेला ‘धिस इज इट’ हा चित्रपट त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर जगभर झळकला. आवाज राखून, अर्ध्या जोराने गायलेल्या तालमी चित्रपटगृहांत पोहोचल्या, आणि पूर्ण जोमाने गायलेले कार्यक्रम कपाटात राहिले, ही विसंगती चाहत्यांना तेव्हापासून बोचते आहे. मार्च २०१० मध्ये व्यवस्थापकांनी सोनी कंपनीशी दहा प्रकल्पांचा, २५ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. त्यातून त्याच वर्षी आलेल्या ‘मायकेल’ या अल्बममधल्या तीन गाण्यांत आवाज खरोखर जॅक्सनचाच आहे का, यावर न्यायालयीन वाद झाला, आणि २०२२ मध्ये ती गाणी ऑनलाइन सेवांवरून काढून टाकण्यात आली. या प्रकरणाने प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मागणीला नवे बळ दिले; कारण हजारो साक्षीदारांसमोर गायलेल्या गाण्याचा आवाज कोणाचा, असा प्रश्न उद्भवत नाही.

प्रकाशनाच्या विरोधातही एक गंभीर मुद्दा आहे आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. जॅक्सन स्वतःच्या कामाबाबत कमालीचा काटेकोर होता. १९८३ मध्ये ‘मोटाउन २५’ या कार्यक्रमात ‘मूनवॉक’ ही नृत्यचाल करून त्याने सगळ्यांना थक्क केले, तरी पायांच्या टोकांवर आपण हवे तितके थांबलो नाही म्हणून तो असमाधानी होता. एकट्याच्या नावावर थेट मुद्रणाचा एकही अल्बम त्याने आयुष्यात काढला नाही, आणि हे न काढणे हाही त्याचा निर्णयच होता असे या पक्षाचे म्हणणे आहे. मात्र ज्याने वेम्बलीच्या कार्यक्रमाची फीत स्वतःजवळ जपून ठेवली, त्याला त्या नोंदी नष्ट व्हाव्यात असे वाटत नव्हते, हेही तितकेच खरे. शिवाय कायद्याचे घड्याळ चालू असते. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने प्रकाशित ध्वनिमुद्रणांचे संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेले, पण जे मुद्रण ५० वर्षांत प्रकाशित किंवा प्रसारित झाले नाही त्याचे संरक्षण संपते. याच कारणाने २०१३ मध्ये बीटल्सची १९६३ ची एकोणसाठ अप्रकाशित मुद्रणे घाईने बाजारात आली होती. या हिशेबाने जॅक्सन फाइव्हच्या सत्तरच्या दशकारंभीच्या अप्रकाशित फितींची मुदत युरोपात संपून गेली आहे, आणि ऐंशीच्या दशकातल्या फितींची पाळी २०३० नंतर येणार आहे.

या सर्व साधनांचा विचार करता काही निष्कर्ष निघतात. केवळ चित्राच्या दर्जावर निवड करायची तर म्युनिक १९९७ पुढे येईल, केवळ प्रसंगाच्या महत्त्वावर करायची तर व्हिक्टरी दौरा आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन पुढे येतील. परंतु गायक, नर्तक आणि वाद्यवृंद तिन्ही पूर्ण क्षमतेने एकाच रात्री सापडतात तो कार्यक्रम योकोहामा १९८७ हाच आहे, आणि प्रकाशित झालेल्या दोन्ही कार्यक्रमांत नसलेला ‘बॅड’ दौऱ्याचा पहिला टप्पाही त्यातच सुरक्षित आहे. त्याच्या खालोखाल ब्रुनेई १९९६ चा क्रम लागतो, कारण उत्तरकाळातल्या आवाजाचा तो सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे. मुंबईच्या रात्रीचे काही चित्रण कुठे टिकले असेल, तर त्याला दुकानापेक्षा अभिलेखागारात अधिक योग्य जागा आहे, कारण त्याचे मोल गाण्याहून शहराच्या इतिहासाला जास्त आहे. मात्र निवड कोणतीही झाली तरी हक्कधारकांनी तीन गोष्टी पाळाव्यात : कार्यक्रम अखंड द्यावा, दुसऱ्या रात्रीची दृश्ये किंवा आवाज त्यात मिसळू नये, आणि कोणती फीत, कोणत्या पिढीची आणि कुठून मिळाली हे आवरणावर छापावे. एवढे झाले नाही, तर प्रकाशित होणारी मुद्रिका स्मरणवस्तू म्हणून विकली जाईल, पण इतिहासाचे साधन म्हणून तिच्यावर विसंबता येणार नाही.